चूक कोणाची?

२०२४ सालच्या मे महिन्यात माझे मामा शेजाऱ्यांची मोटारसायकल घेऊन बाजाराला निघाले आणि ओढ्याजवळच्या वळणावर नव्याने पसरलेल्या खडीवरून घसरून पडले. समोरून कोणी आले नव्हते, मागून कोणी धडक दिली नव्हती. उजव्या मांडीचे हाड मोडले, आत सळई घालावी लागली. मामांच्या वाट्याला दीड एकर कोरडवाहू जमीन आहे. बाकीचे पोट हमालीवर चालते, आणि हमाली पायांवर चालते.

मी तेव्हा नुकताच बारावी पास झालो होतो. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे कोणी गेलेले नाही. त्यामुळे सातबारा असो, दवाखान्याचे बिल असो, कागद आला की तो माझ्या हातात येतो. त्या दिवशी शेजाऱ्यांनी मोटारसायकलची विमा पॉलिसी आणून दिली. सगळी इंग्रजीत. ती घेऊन मी तालुक्याला अर्ज लिहून देणाऱ्या एका गृहस्थांकडे गेलो. ते म्हणाले, "आता नवा कायदा आहे. नो फॉल्ट! चूक कोणाची का असेना, गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात."

त्यांचे म्हणणे निम्मे खरे होते. कोणते निम्मे, हे समजायला मला कॉलेजच्या ग्रंथालयात वर्षभर अधूनमधून बसावे लागले. आपल्यापैकी पुष्कळजण मोटारसायकलवरून कॉलेजला येतात, म्हणून जे समजले ते येथे मांडतो.

पूर्वी आपल्याकडे अपघाताची भरपाई हवी असेल तर गाडी चालवणाऱ्याचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागे. मुंबईतील एका अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली हेच स्पष्ट केले, की दोष सिद्ध झाल्यावाचून मालकावर वा विमा कंपनीवर जबाबदारी येत नाही. आता रस्त्यावर मेलेल्या माणसाच्या विधवेने हा दोष सिद्ध करायचा कसा? साक्षीदार निघून गेलेले, पंचनामा पोलिसांच्या हाती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या काळातील आपल्या निकालांतून, दोषाचा प्रश्न बाजूला ठेवून भरपाई देणारा कायदा करावा असे सुचविले. १९८२ साली मोटार वाहन कायद्यात कलम ९२-अ आले. मृत्यूला १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाला ७,५०० रुपये, चूक कोणाची हे न विचारता. पुढे १९८८ चा नवा कायदा आला, १९९४ साली त्यात दुरुस्ती झाली, आकडे वाढत गेले. २०१९ च्या दुरुस्तीतले कलम १६४ हे १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. त्याप्रमाणे मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये वाहनमालकाने किंवा त्याच्या विमा कंपनीने द्यायचे. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच आहे. येथवर त्या गृहस्थांचे बरोबर होते.

हा कायदा किती लांब पोचतो, याचे एक उदाहरण आमच्याच सातारा जिल्ह्यातले आहे. २९ ऑक्टोबर १९८७ रोजी पहाटे तीनच्या सुमारास, कवठे गावाजवळ, पुण्याहून बंगलोरकडे निघालेला पेट्रोलचा टँकर आणि समोरून येणारा ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याखाली जाऊन कलंडला, पेट्रोल गळून साचले. सव्वासात वाजता स्फोट झाला. जमलेल्या लोकांपैकी पुष्कळजण भाजले, काही दगावले. त्यांतल्या एका मुलाच्या आईने कलम ९२-अ खाली १५,००० रुपये मागितले. न्यायाधिकरणाने नाही म्हटले. टक्कर झाली तीनला, स्फोट झाला चार तासांनी, तेव्हा हा मोटारीच्या वापरातून झालेला अपघातच नव्हे, असे त्यांचे मत पडले. बाई उच्च न्यायालयात गेल्या आणि जिंकल्या. टँकरच्या बाजूचे लोक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९१ साली हरले. कलंडून निपचित पडलेला टँकरसुद्धा 'वापरात' आहे, आणि चार तासांनंतरचा स्फोट हा त्या टकरीचाच परिणाम आहे, असे न्यायालयाने ठरवले. पंधरा हजारांसाठी साडेतीन वर्षांहून जास्त काळ, आणि तेही ज्या कायद्यात चूक कोणाची हे विचारायचेच नाही त्यात! असो.

चूक स्वतःची असली तरीही हा कायदा उपयोगी पडू शकतो. तमिळनाडूत एका मोटारसायकलस्वाराची बसशी टक्कर झाली. दोष त्याचाच ठरला. तरी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला बसच्या मालकाकडून 'नो फॉल्ट'ची रक्कम देवविली. हे वाचले तेव्हा मला वाटले, मामांचे काम झाले.

पण या खटल्यात एक बस होती. मामांच्या अपघातात मामांखेरीज कोणीच नव्हते.

सारी मेख येथे आहे. कायदा चूक कोणाची हे विचारत नाही, परंतु गाडी कोणाची हे विचारतो. आपण 'थर्ड पार्टी' विमा म्हणतो, त्यात पहिला पक्ष विमा घेणारा मालक, दुसरा विमा कंपनी, आणि तिसरा म्हणजे बाहेरचे सगळे जग. मालकाच्या गाडीने तिसऱ्याला इजा झाली तर मालकाचे देणे कंपनी फेडते. मालक स्वतःच पडला तर? तो स्वतःलाच कसा देणे लागेल? आणि ज्याने मालकाची गाडी मागून नेली आहे, तो त्या वेळेपुरता मालकाच्या जागी उभा आहे असे धरले जाते. कर्नाटकात एक माणूस अशीच मागून घेतलेली मोटारसायकल चालवत गावी निघाला होता. पुढे लोखंडी पत्रा नेणारी बैलगाडी एकाएकी थांबली, तो तिच्यावर आदळला आणि मेला. बैलगाडीला विमा नसतो. विमा होता तो फक्त त्याच्या बुडाखालच्या गाडीला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्या वेळच्या 'नो फॉल्ट' कलमाखाली, म्हणजे १६३-अ खाली, त्याच्या वारसांना भरपाई मागता येत नाही. २०२० च्या आणखी एका निकालात हेच झाले. २०२५ साली न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने, मालक स्वतः मेला तर काय, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. परंतु मामांना वकीलसाहेबांनी सरळ सांगितले, "दुसरी गाडी असती तर गोष्ट वेगळी." खडी टाकणाऱ्या ठेकेदारावर दावा करायचा, तर तेथे पुन्हा चूक सिद्ध करणे आले.

बाहेरच्या देशांत काय आहे हेही मी पाहिले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचा 'नो फॉल्ट' कायदा १९७१ पासून लागू झाला. तेथे मोटार चालवणाऱ्याला त्याचीच कंपनी दवाखान्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी ८,००० डॉलरपर्यंत देते. त्याच्या बदल्यात किरकोळ इजेसाठी दुसऱ्यावर दावा लावायचा हक्क सोडावा लागतो. म्हणजे शब्द एकच, अर्थ जवळजवळ उलटा. त्यांचा विमा चालकापासून सुरू होतो, आपला चालकाला वगळून. तरी गंमत अशी, की तेथे मोटारसायकलस्वाराला हा विमा नाही, तेव्हा मामांना तेथेही काही मिळाले नसते. न्यूझीलंडमध्ये मात्र मिळाले असते. १९७४ पासून तेथे अपघातात सापडलेल्या प्रत्येकाला सरकारी निधीतून मदत मिळते. मग तो चालक असो, पादचारी असो की घरात शिडीवरून पडलेला असो.

आपल्याकडे मालक-चालकासाठी वेगळी तरतूद आहे. तिला 'पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर' म्हणतात. रक्कम १५ लाख रुपये, हप्ता वर्षाला काही शेकड्यांत. पॉलिसीच्या कागदावर तिची वेगळी ओळ असते, ती वाचावी. पण तेथेही तीन गाठी आहेत. ती नोंदणीकृत मालकालाच मिळते, मागून नेणाऱ्याला नाही. मालकाकडे चालू लायसन लागते. आणि पैसे मिळतात ते मृत्यूला, हात, पाय वा डोळा कायमचा गेल्यास, किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाल्यास. हाड मोडले आणि वर्षभराने जुळले, तर काही नाही.

हे मी अर्ज लिहिणाऱ्या गृहस्थांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग अज्ञात वाहन दाखवू." धडक देऊन पळालेल्या वाहनासाठी २०२२ पासून वेगळी योजना आहे, मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार, अर्ज तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे. त्यांनी सांगितले आणि मी लिहिले. खोटे कशाला बोलू, मीच लिहिले, आणि चांगल्या अक्षरात लिहिले. 'समोरून भरधाव आलेल्या अज्ञात टेम्पोने...' घरी येऊन मामांना वाचून दाखवले. मामा खाटेवर पडून ऐकत होते.

"ह्यो टेम्पो कुठनं आला मधीच?" ते म्हणाले.

मी म्हणालो, "मामा, टेम्पो असल्याशिवाय पैसे मिळत नाहीत."

"आरं, पर चूक माझीच व्हती. खडी दिसली, तरी म्या ब्रेक मारला. उद्या कुणी टेम्पोचा रंग इचारला तर काय सांगू?"

मामींनी एक शब्द काढला नाही. पन्नास हजार म्हणजे त्या घरात काय, हे मला ठाऊक आहे. चूक विचारायची नाही असे ठरवलेल्या कायद्यापुढे आपली चूक कबूल करणाऱ्या माणसाला जागा नव्हती, आणि नसलेल्या टेम्पोला होती. अंगठा लावायचे पॅड मी तसेच पिशवीत घालून परत आणले. दवाखान्याचे पैसे मामांनी म्हैस विकून आणि माझ्या वडिलांकडून उसने घेऊन भागवले. आता ते काठी घेऊन चालतात. हमाली सुटली. बाजार समितीच्या आवारात एका व्यापाऱ्याकडे पोती मोजायला बसतात.

या दिवाळीत वडिलांच्या मोपेडचा विमा भरायचा होता. वडील तिच्यावरून रोज पहाटे डेअरीला दूध घालतात. मी पॉलिसी वाचली. मालक-चालकाच्या ओळीपुढे शून्य होते. एजंटला विचारले तर तो म्हणाला, "लायसन आणा, लगेच घालतो." वडिलांकडे लायसन मागितले तेव्हा ते हसले. अकरा वर्षे गाडी चालवतात, लायसन कधी काढलेच नाही. हा लेख संपादकांच्या हाती देतो आहे त्याच आठवड्यात त्यांच्या शिकाऊ लायसनची तारीख आहे आणि बरोबर मला जायचे आहे. मंगळवारी अर्थशास्त्राच्या तासाला मी का नव्हतो, याचे उत्तर सरांना येथे मिळेल.