परराष्ट्रांचे अभिनंदन आणि निवडणुकीचा निकाल

एखाद्या देशातील सार्वत्रिक निवडणूक वादग्रस्त ठरली आणि अमक्या राष्ट्राने अभिनंदन केले, तमक्याने नापसंती दर्शविली असे मथळे वर्तमानपत्रांत झळकले, की त्या निकालावर जणू शिक्कामोर्तब झाले किंवा तो रद्दबातल ठरला, असे मानण्याची प्रवृत्ती शहाद्याच्या बाजारापासून नंदुरबारच्या कचेरीपर्यंत सर्वत्र आढळते. वस्तुस्थिती याहून पुष्कळ रुक्ष आहे.

७ जानेवारी २०२४ रोजी बांगलादेशात, प्रमुख विरोधी पक्षाने बहिष्कार टाकलेल्या निवडणुकीत शेख हसीना विजयी झाल्या, तेव्हा दुसऱ्याच दिवशी भारताच्या पंतप्रधानांनी दूरध्वनीवरून त्यांचे अभिनंदन केले, तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ती निवडणूक मुक्त व न्याय्य नव्हती असे पत्रक काढले. आणि तरीही सहकार्याची इच्छा व्यक्त करणारे अमेरिकी अध्यक्षांचे पत्र पुढच्याच महिन्यात ढाक्यास पोहोचले. अमेरिकेच्या ठपक्याने हसीना यांची सत्ता जानेवारीत गेली नाही, आणि आरक्षणाच्या प्रश्नावरून पेटलेल्या आंदोलनापुढे ५ ऑगस्टला ती कोसळली, तेव्हा दिल्लीचे अभिनंदन तिला तारू शकले नाही.

दुसरा गैरसमज मान्यतेविषयीचा. नवे सरकार आले की प्रत्येक राष्ट्राने त्याला मान्यतेची सनद द्यावी, हा प्रघात मेक्सिकोचे परराष्ट्रमंत्री एस्त्रादा यांनी १९३० मध्येच अमान्य केला होता, आणि ब्रिटनने १९८० साली तो सोडल्याचे जाहीर केले. व्यवहार कोणाशी ठेवायचा एवढेच बहुतेक राष्ट्रे ठरवितात. व्हेनेझुएलात २०१९ साली पन्नासांहून अधिक राष्ट्रांनी हुआन ग्वाइदो यांना हंगामी अध्यक्ष मानले, परंतु सैन्य, खजिना आणि दप्तर सत्तेवर असलेले अध्यक्ष मादुरो यांच्याच हाती राहिले, व अखेर विरोधकांच्या सभेनेच ते हंगामी सरकार विसर्जित केले. म्हणून मान्यता निरर्थक म्हणावी, तर तेही खरे नव्हे: बँक ऑफ इंग्लंडमध्ये ठेवलेल्या व्हेनेझुएलाच्या सोन्यावर हक्क कोणाचा, हा दावा ब्रिटिश न्यायालयांत याच मुद्द्यावर लढला गेला. परक्याच्या मान्यतेने सिंहासन मिळत नसले, तरी परदेशातील तिजोरीची किल्ली मात्र तिच्यावर अवलंबून असू शकते.

परदेशी निरीक्षक निवडणूक रद्द करू शकतात, ही समजूतही निराधार आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आयोगाच्या निमंत्रणावरून २३ देशांचे ७५ प्रतिनिधी आले, ते पाहुणे म्हणून. न्यायाधीश म्हणून नव्हे. संयुक्त राष्ट्रसंघही सुरक्षा परिषदेने किंवा महासभेने तसा अधिकार दिल्यावाचून कोणत्याही निवडणुकीस प्रमाणपत्र देत नाही. महाराष्ट्राच्या यादीत ज्याचा क्रमांक पहिला, त्या नंदुरबार मतदारसंघातील निकालाविरुद्ध कोणास फिर्याद करावयाची असेल, तर त्याने वॉशिंग्टनकडे नव्हे, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जावयाचे असते, आणि तेही निकालापासून ४५ दिवसांच्या आत; संविधानाच्या ३२९ व्या अनुच्छेदाने निवडणूक याचिकेखेरीज दुसरी वाट ठेवलेली नाही.

राहता राहिला प्रश्न भारताच्या स्वतःच्या वर्तनाचा, आणि तेथे थोडे स्मित आवरत नाही. मार्च २०२४ मध्ये, मतदान तोंडावर आले असता, दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांच्या अटकेविषयी जर्मनी व अमेरिका यांनी भाष्य केले, तेव्हा आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने त्यांच्या वकिलातींतील अधिकाऱ्यांना पाचारण करून तीव्र आक्षेप नोंदविला; आणि जूनमध्ये निकाल लागल्यावर त्याच दोन राष्ट्रांचे अभिनंदन आपण रीतसर स्वीकारले.