विश्लेषण : बेवारस बोटींचे करायचे काय?

युरोप-अमेरिकेतील अनेक मरिनांमध्ये, म्हणजे हौशी बोटींच्या धक्क्यांवर, शेवाळाने माखलेल्या बोटी वर्षानुवर्षे जागा अडवून आहेत. भाडे थकलेले, मालक बेपत्ता.

बोटी सोडून का दिल्या जातात?
१९६०च्या दशकापासून हौशी बोटी मुख्यतः फायबरग्लासच्या होऊ लागल्या. लाकूड कुजते, पोलादाला भंगारात भाव मिळतो; फायबरग्लास ना कुजते, ना विकले जाते. जुनी बोट मोडण्याचा खर्च अनेकदा तिच्या किमतीहून जास्त होतो.

मरिनाचालक त्या हटवत का नाहीत?
बोट ही दुसऱ्याची मालमत्ता. नोटीस, मुदत, लिलाव यांत महिने जातात. कवडीमोलाने घेणाराही दुरुस्तीचा खर्च पाहून ती पुन्हा सोडून देऊ शकतो. तोवर बोट बुडाली, तर डिझेल पाण्यात मिसळते आणि ती काढणे आणखी महाग पडते.

उपाय काय?
अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २००२ मध्ये अशा बोटी हटवण्याची योजना आणली. बोट-नोंदणी शुल्कातून तिला पैसा मिळतो. फ्रान्सने २०१९ पासून मोडणीची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. तेथे मालकाला फक्त बोट केंद्रापर्यंत नेण्याचा खर्च करावा लागतो. बोट विकतानाच तिच्या मोडणीची तजवीज झाली, तर ती धक्क्यावर सोडून जाण्याचे कारण उरत नाही.