माळ तुटली व्हय?

मागच्या महिन्यात मुलीच्या शाळेतून ईमेल आला. ती इयर टूमध्ये आहे, म्हणजे आपल्याकडची दुसरी म्हणा. इंग्लंडमधल्या सरकारी शाळांत ‘आरई’ म्हणून एक तास असतो, त्यात मुलांना वेगवेगळ्या धर्मांची ओळख करून देतात. बाईंनी विचारलं होतं, एखादे हिंदू पालक येऊन 10 मिनिटं आपल्या श्रद्धेविषयी बोलतील का? बायकोनं फोन माझ्याकडे सरकवला. “तू जा. वारकऱ्यांच्या घरातला तू आहेस.”

घर वारकऱ्यांचं, हे खरं. माझ्याबद्दल मात्र मला तेवढी खात्री नव्हती.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या नातेपुत्याचा. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून निघते, दिवे घाट चढते, फलटण सोडून पुढे आली की आमच्या गावात मुक्कामाला असते. लहानपणी आमचं वर्ष दिवाळीपासून नाही, त्या मुक्कामापासून मोजलं जायचं. घरात पीठ किती दळायचं, ओसरीवर किती माणसं झोपतील, याचा हिशेब आईकडे. पाण्याच्या घागरी भरायचं काम आम्हा पोरांकडे. अण्णा एसटीत कंडक्टर, त्यामुळे आषाढीला त्यांना रजा मिळायची नाही, जादा गाड्या असायच्या. आबा, म्हणजे आजोबा, गावाच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. मी सातवीत असताना त्यांनी माझ्या गळ्यात तुळशीची माळ घातली. ज्याच्या गळ्यात माळ त्यानं मांस-मच्छी खायची नाही, दारू प्यायची नाही आणि एकादशी धरायची. सातवीत यातलं काहीच अवघड वाटलं नाही.

अवघड झालं ते पुण्यात. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष, होस्टेलच्या गेटबाहेर अंडाभुर्जीची गाडी. देव आहे की नाही यावर रात्री दोन-दोनपर्यंत वाद चालायचे आणि मी ‘नाही’च्या बाजूला असायचो. (वाद संपला की भूक लागायची, हेही खरं.) माळ घालून भुर्जी खाणं म्हणजे फसवणूक, असं वाटून मी एक दिवस माळ काढून ठेवली. कुठे ठेवली ते आज आठवत नाही.

दिवाळीला घरी गेलो. रात्री जेवणं झाल्यावर आबांनी माझ्या गळ्याकडे बघितलं. “माळ तुटली व्हय?”

मी म्हणालो, “हो.”

ते पुढे काही बोलले नाहीत. पुण्याला परत आल्यावर बॅगेच्या कप्प्यात वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेली नवी माळ सापडली. ती मी घातली नाही, टाकलीही नाही. होस्टेल, पुण्यातली नोकरी, मग 2016 साली इथे रेडिंगला, प्रत्येक घरात ती कुठल्या ना कुठल्या ड्रॉवरमध्ये राहिली.

इथे मी पेमेंट सिस्टिमवर काम करतो. एका खात्यातले पैसे दुसऱ्या खात्यात जाताना मध्येच अडकू नयेत, आणि एकच व्यवहार दोनदा होऊ नये, एवढंच बघायचं. महिन्यातून एक आठवडा ऑन-कॉल असतो. रात्री तीनला फोन वाजला की लॅपटॉप उघडायचा. आबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हंजे कारकुनीच की.” याहून नेमकं वर्णन मला आजवर करता आलेलं नाही.

2020 साली करोनामुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटी बसनं पंढरपूरला नेल्या. आबा टीव्हीसमोर बसले होते, मी व्हिडिओ कॉलवर. बस दिसली तसे अण्णांकडे वळून म्हणाले, “तिकीट फाडलं का रं?” सगळे हसलो. मग मला म्हणाले, “माळ हाय न्हवं?” मी म्हणालो, “आहे.” ड्रॉवरमध्ये होतीच. तीन आठवड्यांनी आबा गेले. नेहमीची विमानं बंद, मुलगी एक वर्षाची. अंत्यविधी फोनवर बघितला. मध्येच चित्र थांबलं आणि नंतर सगळं उरकलेलं दिसलं.

पखवाज मी त्यानंतर मागवला. शाळेत असताना आबांनी शिकवलेला भजनी ठेका हातात शिल्लक होता, बाकी सगळं नव्यानं. इथल्या दमट हवेत कातडं सैल पडतं, सूर उतरतो. डाव्या अंगाला कणीक लावायची, ती हीटिंग चालू असली की लवकर वाळते. शेजारच्या आजींनी रात्री आठची सीमा घालून दिली आहे. आम्ही सात-आठ जण एकादशीच्या आसपासच्या शनिवारी भजनाला जमतो, एका चर्चचा हॉल भाड्यानं घेऊन. भजन रंगलं की अंगावर काटा येतो. तो विठ्ठलामुळे की आबांमुळे, मला सांगता येत नाही, आणि होस्टेलमध्ये करायचो तसा वादही आता घालवत नाही.

तर शाळेत पखवाज घेऊन गेलो. कणीक मळून डब्यात नेली होती. मुलांनी ती लावली, थोडी एकमेकांनाही लावली. नकाशावर आळंदी ते पंढरपूर दाखवलं. सुमारे 250 किलोमीटर, लाखो माणसं चालत जातात, म्हटल्यावर एकानं विचारलं, “मग शौचालयाचं काय?” बाईंनी विषय बदलला. शेवटी माळ दाखवली. पुढे बसलेली एक मुलगी म्हणाली, “तुम्ही ती का घालत नाही?”

मी सांगितलं. भुर्जी, दिवाळी, सगळं. आजोबांशी खोटं बोललो, हे मी पहिल्यांदा कुणाला सांगितलं तर 28 इंग्रज पोरांना.

“ते रागावले?”

“नाही. त्यांनी दुसरी दिली.”

यावर वर्ग गप्प झाला, मग कुणीतरी पखवाजावर थाप मारली.

त्या संध्याकाळी अण्णांना फोन केला. म्हटलं, ती माळ तुटली नव्हती, मी काढली होती.

“आबास्नी ठावं हुतं,” अण्णा म्हणाले. “तुटली असती तर पोरगं मणी घिऊन आलं असतं, म्हणले हुते.”

मला काही बोलता येईना. तेच थोड्या वेळानं म्हणाले, “तिकडं पखवाजाला कणीक कुठली लावतोस? मैदा लावू नगंस.”