गाणारा काऊबॉय, ‘रिकामी’ जमीन आणि तमाशापट

१९३७ साली वॉर्नर ब्रदर्स या कंपनीने डिक फोरान या गायक-नटास घेऊन ‘चेरोकी स्ट्रिप’ नावाचा एक अल्पखर्ची बोलपट काढला. मुख्य चित्रपटास जोड म्हणून दाखवावयाचा, तासाभरात आटोपणारा असा हा प्रकार होय. १९३५ नंतर जीन ऑट्रीच्या यशामुळे गाणाऱ्या काऊबॉयचे अमाप पीक आले. त्यातील बहुतेक विस्मृतीत गेले, आणि त्याबद्दल फारशी हळहळ वाटण्याचे कारण नाही. ‘चेरोकी स्ट्रिप’चे महत्त्व त्याच्या विषयात आहे.

१६ सप्टेंबर १८९३ रोजी आजच्या ओक्लाहोमा राज्यातील सुमारे ६० लाख एकरांचा पट्टा वसाहतीस खुला झाला. दुपारी बंदुकीचा बार होताच लाखाहून अधिक माणसे घोड्यांवरून, गाड्यांतून, पायी धावत सुटली. जो आधी पोचून खुंटी रोवील त्याला १६० एकरांपर्यंतचा तुकडा मिळावयाचा होता. नियम मोडून अगोदरच आत लपून बसलेल्यांना ‘सूनर’ म्हणत. अशा कथानकांना त्यामुळे खलनायक आयताच मिळतो. परंतु येथेच मोठी चलाखी घडते. वेळेआधी कोण आला, या प्रश्नावर सारे नाट्य उभे राहते. पूर्वीपासून तेथे कोणाचा हक्क होता, हा प्रश्न मग उपस्थितच होत नाही. ती जमीन चेरोकी लोकांची होती. पशुपालकांना ती खंडाने देण्याचा त्यांचा मार्ग सरकारने बंद केला आणि सुमारे ८५ लाख डॉलरांस ती विकत घेतली. हे मोल अपुरे होते, असा निर्णय १९६१ मध्ये होऊन चेरोकींना आणखी सुमारे १ कोटी ४७ लाख डॉलर मंजूर झाले. पडद्यावर मात्र शेकोटीपाशी गीत सुरू झाले, की कालचा उपरा माळरानाचा जन्मजात रहिवासी वाटू लागतो.

महाराष्ट्रात अशी ‘रिकामी’ जमीन कल्पिणेही अवघड होते. येथील धाव तलाठ्याच्या दप्तरातील नोंदीसाठी होती. १९४८च्या कूळकायद्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला व कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. तथापि पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे दांडेकर व खुदानपूर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, कुळांनी ‘स्वखुशीने’ दिलेले राजीनामे पुष्कळदा नावापुरतेच स्वखुशीचे असल्याचे दाखविले होते.

त्यानंतर दोनच वर्षांनी अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. त्यात कूळकायदा शोधू नये. तोही ठरीव साच्याचाच चित्रपट. पण त्यातील गाण्याचे कार्य काऊबॉयच्या गीताच्या नेमके उलट आहे. पाटलाने केलेल्या अत्याचाराची कहाणी त्याच्याच गावात, त्याच्या देखत, तमाशाच्या बोर्डावरून सांगितली जाते. करमणूक म्हणून जमलेला फड साक्षीची जागा बनतो. काऊबॉयचे गीत पूर्वेतिहास पुसते, येथील तमाशा तो उकरून काढतो. जे कागदावर येऊ शकले नाही ते ढोलकीच्या साथीने चारचौघांत बोलता येते, या परंपरेच्या बळावर हा प्रसंग उभा आहे.

मर्यादा मात्र दोन्हीकडे सारखीच. दोष एका दुष्ट माणसाचा ठरला, की व्यवस्था मोकळी सुटते. मुलकी पाटलाचे पद १९६२च्या कायद्याने रद्द झाले तरी तमाशापटातील पाटील पुढेही मिशीवर ताव देत राहिला. ग्रामीण सत्तेचे केंद्र एव्हाना वाड्यातून सरकत सहकारी साखर कारखान्यांकडे आणि, १९६३च्या पणन कायद्यानंतर, पुण्याच्या मार्केट यार्डासारखे बाजार चालविणाऱ्या समित्यांकडे निघाले होते. मराठी पडद्याने त्यातील कारखान्याची दखल ठळकपणे घेतली ती १९७४च्या ‘सामना’त. लावणी त्यातही आहे. पण जाब विचारण्याचे काम आता तिच्याकडे नाही. ते एक दारुडा मास्तर करतो, तोच तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून.