प्रयोगशाळेंतील गुरुपरंपरा

पदवीधर मुलगा किंवा मुलगी सेंद्रिय रसायनाच्या संशोधनास लागली, कीं घरांतील वडीलधारीं माणसें विचारतात, "आतां मिळविणार केव्हां?" प्रश्न रास्त आहे; परंतु पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा इतिहास पाहावा. १९५७ सालीं तिचे संचालक झालेले के. वेंकटरामन हे मँचेस्टरच्या रॉबर्ट रॉबिन्सन यांचे शिष्य. मुंबईस वेंकटरामन यांच्या हाताखालीं संशोधन केलेले बाळ दत्तात्रेय टिळक पुढें तेथेंच प्राध्यापक झाले, आणि १९६६ सालीं पुण्यांत गुरूंच्याच जागीं आले. संशोधक विद्यार्थी दुसऱ्यास शिकवूं लागला, म्हणजे आपलें ज्ञान कोठें अपुरें आहे तें त्यास प्रथम कळतें. म्हणून त्याचीं हीं वर्षें घरानें खर्चीं न मांडतां बीजभांडवल समजावीं.