रक्त तपासण्याआधी घर तपासा

अमेरिकेत घरगुती रंगात शिसे मिसळायला 1978 साली बंदी झाली. ही बंदी दुकानातल्या नव्या डब्यांपुरती होती. त्याआधी कित्येक दशके भिंतींना, दारांना आणि खिडक्यांना लावलेला रंग होता तिथेच राहिला. तिथल्या गृहनिर्माण खात्याने, म्हणजे सगळे ज्याला 'हड' म्हणतात त्या खात्याने, 2018-19 मध्ये देशभरातल्या घरांची नमुना पाहणी केली. तिच्यावरून काढलेल्या अंदाजाप्रमाणे 3 कोटी 46 लाख घरांत शिशाचा रंग अजून आहे. त्यातल्या आणि इतर मिळून 2 कोटी 23 लाख घरांत त्याचे पोपडे सुटलेले आहेत, किंवा त्याची धूळ जमिनीवर धोक्याच्या पातळीपर्यंत साचली आहे. अशी घरे सुधारण्यासाठी 1992 च्या कायद्याने केंद्र सरकारचे अनुदान सुरू झाले आणि ते आजही चालू आहे. ही योजना चांगली आहे, तिचे फळही मोजून पाहिलेले आहे, पैसा मात्र अपुरा आहे. पण माझ्या मते तिचा मोठा दोष वेगळाच आहे. घर किती जुने आणि किती खराब, एवढेच विचारून ती थांबत नाही. त्या घरात आज लहान मूल आहे का, हेही विचारते. आणि शिशाच्या बाबतीत मूल आल्यावर सुरू केलेले काम बहुधा उशिराच पुरे होते.

शिसे रंगात आले ते त्याच्या गुणांमुळे. सफेद्याचा, म्हणजे शिशाच्या पांढऱ्या रंगाचा, एक हात लाकूड झाकून टाकत असे. तो रंग ऊन-पाऊस सोसायचा, लवकर उडायचा नाही. म्हणूनच तो पोर्चच्या कठड्यांवर, जिन्यांवर आणि खिडक्यांवर, जिथे हात सतत लागतात तिथे, सर्वांत जास्त वापरला गेला. त्याचा धोका कळायला फार वेळ लागला, असे मात्र म्हणता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी 1904 सालीच आजारी मुलांच्या विषबाधेचे मूळ घराच्या कठड्यांवरच्या रंगात असल्याचे लिहून ठेवले होते. 1921 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरांच्या आतल्या रंगकामात सफेदा वापरण्यावर निर्बंध घालणारा करार मांडला. अमेरिकेने तो कधीच स्वीकारला नाही. त्याच काळात तिथली नॅशनल लेड कंपनी 'डच बॉय' या आपल्या रंगाची जाहिरात करायला लहान मुलांसाठी चित्रे रंगवायच्या वह्या छापत होती. बाल्टिमोर शहराने 1951 मध्ये घराच्या आत हा रंग वापरायला मनाई केली, पण देशभर बंदी यायला आणखी सत्तावीस वर्षे गेली. सरकारी पैशाने ही घरे का सुधारायची, याचे अर्धे उत्तर या सत्तावीस वर्षांत आहे. माहिती असताना होऊ दिलेल्या नुकसानीची भरपाई त्या घरात नंतर राहायला आलेल्या कुटुंबावर टाकणे न्यायाचे नाही.

भिंतीवर नीट बसलेला, न सोललेला रंग फारसे काही करत नाही. धोका असतो घर्षणात, आणि घर्षणाची मुख्य जागा म्हणजे खिडकी. अमेरिकेतल्या जुन्या घरांत काचेची लाकडी चौकट वर-खाली सरकते. दर वेळी ती उघडताना दोन रंगवलेली लाकडे एकमेकांवर घासतात आणि पिठासारखी बारीक भुकटी खालच्या खोबणीत पडते. वारा आला की तीच भुकटी आतल्या फळीवर आणि जमिनीवर येते. रांगणारे मूल फळीला धरून उभे राहते, दात शिवशिवत असले तर फळीच चावते, आणि उरलेला दिवस बोटे तोंडात घालते. तपासणीसाठी एक चौरस फूट जमीन ओल्या फडक्याने पुसतात आणि ते फडके प्रयोगशाळेत पाठवतात. 2001 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जमिनीसाठी चौरस फुटाला 40 मायक्रोग्रॅम शिसे ही मर्यादा ठेवली होती; 2019 मध्ये ती 10 वर आणली आणि 2024 मध्ये त्याहूनही खाली नेण्याचे ठरवले. मिठाचा एक बारीक दाणा साधारण 60 मायक्रोग्रॅमचा असतो. तेवढे शिसे पसरले तर 10 च्या हिशेबाने सहा चौरस फूट जमीन धोकादायक ठरते. नुसते पाहून कोणत्याही आईला ही धूळ ओळखता येणार नाही. 'स्वच्छता ठेवली की झाले' हा सल्ला म्हणूनच अपुरा पडतो.

आता उशिराचा मुद्दा. मुलाच्या रक्तात किती शिसे काळजीचे मानायचे, याचा आकडा सतत खाली येत गेला आहे. 1960 च्या दशकात डेसिलिटरला 60 मायक्रोग्रॅमपर्यंत चिंता नव्हती. 1991 मध्ये 10, 2012 मध्ये 5 आणि 2021 मध्ये 3.5. शरीर बदललेले नाही, समज बदलली. हर्बर्ट नीडलमन यांनी 1979 मध्ये मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतले शिसे मोजले. आजारी न दिसणाऱ्या मुलांतही जास्त शिसे असेल तर बुद्ध्यंक कमी आणि वर्गात लक्ष कमी, असे त्यांना आढळले. मग औषध देऊन शिसे काढून टाकले तर? हा प्रश्न अमेरिकेत रीतसर तपासला गेला. 20 ते 44 मायक्रोग्रॅम शिसे असलेल्या 780 लहान मुलांना सक्सिमर हे औषध किंवा औषध नसलेली नुसतीच गोळी देऊन पुढची तीन वर्षे पाहिले. 2001 मध्ये आलेला निष्कर्ष असा, की औषधाने रक्तातले शिसे उतरले, पण बुद्धीच्या आणि वागणुकीच्या चाचण्यांत औषध घेतलेली मुले काहीही पुढे नव्हती. म्हणजे रक्ताचा अहवाल वाईट आला, की मेंदूचे जे व्हायचे ते बव्हंशी होऊन गेलेले असते. रक्ततपासणी जरूर व्हावी. पण घर खराब आहे हे कळण्याचे साधन म्हणून मुलाचे रक्त वापरणे क्रूर आहे.

या कसोटीवर अनुदान योजना पाहू. हडचा पैसा राज्ये, काउंट्या आणि शहरे स्पर्धेने मिळवतात, त्यात स्वतःची भर घालतात आणि मग कमी उत्पन्नाच्या कुटुंबांच्या घरांवर खर्च करतात. क्ष-किरणांवर चालणाऱ्या हातातल्या यंत्राने रंगाचे थर तपासले जातात. खराब खिडक्या-दारे बदलली जातात, पोपडे ओले करून खरवडले जातात, ठीक असलेला रंग नव्या लेपाखाली बंद केला जातो. काम चालू असेपर्यंत कुटुंबाला बहुधा दुसरीकडे हलवावे लागते, आणि शेवटी पुन्हा फडक्याचा नमुना पास झाल्याशिवाय घर परत मिळत नाही. योजनेच्या पहिल्या काळातल्या हजारो घरांचा पाठपुरावा झाला. धुळीतले शिसे घटले आणि पुढची वर्षे कमीच राहिले. बारा वर्षांनंतरच्या मोजणीत खिडक्या बदललेली घरे इतरांपेक्षा स्पष्टपणे चांगली होती. एवढे पुरावे असलेल्या सरकारी योजना थोड्याच असतात. पण मालक स्वतः राहतो अशा घरांसाठी कायद्याची अट आहे की त्यांतल्या जवळपास सगळ्या घरांत सहा वर्षांखालचे मूल राहत असले पाहिजे किंवा तिथे बराच वेळ येत-जात असले पाहिजे. मूल सातव्या-आठव्या महिन्यात रांगू लागते, आणि रक्तातले शिसे साधारण दोन वर्षांच्या आसपास सर्वांत वर जाते. बाळ झाल्यावर कुटुंबाने अर्ज करायचा, उत्पन्नाचे दाखले जोडायचे, तपासणी व्हायची, परवानाधारक कंत्राटदार मिळायचा, काम व्हायचे. या सगळ्याला लागणारे महिने हेच त्या मुलाचे सर्वांत धोक्याचे महिने असतात. विशेष म्हणजे याच कायद्याने भाड्याच्या घरांबाबत अधिक शहाणपण दाखवले आहे: रिकामे घर आधी सुधारायचे आणि मग तीन वर्षे ते लहान मुले असलेल्या कुटुंबांना प्राधान्याने भाड्याने द्यायचे. ही रीत सर्व जुन्या घरांना लावावी, एवढीच माझी मागणी आहे.

यावरचा सर्वांत बळकट आक्षेप पैशाचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. अलीकडच्या वर्षांत या कामासाठी संसदेने वर्षाला साधारण 30 ते 40 कोटी डॉलर मंजूर केले. धोकादायक घरांच्या संख्येने भागले तर घरामागे वर्षाला वीस डॉलरही येत नाहीत. त्यातली बरीच घरे सधन कुटुंबांची आहेत आणि ती अनुदानात बसत नाहीत, हे धरले तरी तुटवडा राहतोच. मग पैसा थोडा असताना तो आज मूल असलेल्या घरात घालावा की पुढेमागे मूल येईल अशा घरात? वरवर पहिले उत्तर बरोबर वाटते. पण घर काही एकाच मुलाचे नसते. भाडेकरू बदलतात, घर विकले जाते, नवी बाळे येतात. एकदा बदललेली खिडकी पुढच्या प्रत्येक मुलाला उपयोगी पडते. गर्दी वाढेल ही भीती असेल तर निवड घराचे वय, त्याची अवस्था आणि वस्तीतली गरिबी यांवरून करावी. 1940 पूर्वीच्या घरांत हा रंग सर्वांत जास्त सापडतो, आणि कोणत्या गल्लीत मुलांचे अहवाल वर्षानुवर्षे वाईट येतात हे शहरांच्या आरोग्य विभागांना ठाऊक असते. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहराने 2006 पासून जुन्या भाड्याच्या घरांची शिशासाठी नियमित तपासणी सुरू केली, मूल आजारी पडण्याची वाट न पाहता. खर्चाच्या परताव्याबद्दल म्हणाल, तर एलिस गोल्ड यांच्या 2009 च्या हिशेबात या कामावरच्या एका डॉलरमागे समाजाचे किमान 17 डॉलर वाचतात.

दुसरा आक्षेप असा, की घरमालकाची मालमत्ता जनतेच्या पैशाने का सुधारायची? विष विकणाऱ्या कंपन्यांकडून वसूल करा. तत्त्व मान्य आहे. कॅलिफोर्नियातल्या काउंट्या आणि शहरांनी 2000 साली तोच मार्ग धरला. 2014 मध्ये तीन कंपन्यांवर 115 कोटी डॉलरचा निकाल लागला, अपिलात तो 1951 पूर्वीच्या घरांपुरता आखडला गेला, आणि 2019 मध्ये 30 कोटी 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. ऱ्होड आयलंडमध्ये ज्युरीने दिलेला विजय वरच्या न्यायालयाने 2008 मध्ये रद्दच केला. कॅलिफोर्नियाच्या खटल्याच्या एकोणीस वर्षांत जन्मलेली मुले मोठी होऊन गेली. खटले चालू द्यावेत, पण घरे त्यासाठी थांबवू नयेत. घरमालकाचे म्हणाल तर त्याला मिळणारा फायदा फुकटचा राहू नये, भाड्यावर आणि भाडेकरूच्या निवडीवर अटी हव्यातच. पण इथे एक अडचण आहे. 1996 पासून जुने घर विकताना किंवा भाड्याने देताना शिशाबद्दल जे ठाऊक आहे ते सांगणे मालकाला सक्तीचे आहे, आणि जे ठाऊकच नाही ते सांगावे लागत नाही. त्यामुळे तपासणी न करण्यातच मालकाचा फायदा ठरतो, आणि अनुदान समोर असूनही तो अर्ज करत नाही. ही गाठ अनुदानाने एकट्याने सुटत नाही. तपासणी सक्तीची करावी लागते. न्यू जर्सीने 2022 पासून ते केले: 1978 पूर्वीच्या भाड्याच्या घरांची भाडेकरू बदलताना किंवा ठरलेल्या मुदतीत तपासणी. त्या राज्यात राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांनी जुने घर भाड्याने घेताना मालकाकडे या तपासणीचा दाखला जरूर मागावा; बाळ होणार असेल तर करारावर सही करण्याआधीच मागावा.

तिसरा आक्षेप असा, की प्रश्न आपोआप सुटतच आला आहे. 1976 ते 80 या काळात अमेरिकेतल्या पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या रक्तात सरासरी 15 मायक्रोग्रॅम शिसे होते. आज ते 1 च्या खाली आहे. ही घट खरी आहे आणि तिचे मोठे श्रेय पेट्रोलमधून शिसे काढण्याला जाते. पण सरासरी खाली येते तेव्हा उरलेला भार कुठे साचतो हे पाहावे लागते. तो साचला आहे बाल्टिमोर, क्लीव्हलंड, फिलाडेल्फिया अशा शहरांतल्या जुन्या, भाड्याच्या, दुरुस्ती न झालेल्या घरांत, आणि तिथे राहणाऱ्यांत कृष्णवर्णीय कुटुंबांचे प्रमाण मोठे आहे.

हा प्रश्न आपल्याकडेही आहे. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा घालणारे नियम 2016 मध्ये निघाले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालाने भारतात 27 कोटींहून अधिक मुलांच्या रक्तात 5 मायक्रोग्रॅमच्या वर शिसे असल्याचा अंदाज दिला. आपल्याकडे जुन्या बॅटऱ्या वितळवण्याचे धंदे, भेसळीचे मसाले असे इतर मार्ग पुष्कळ आहेत, त्यामुळे सगळा दोष रंगावर टाकता येणार नाही. पण 2017 चा नियमही नव्या डब्यांपुरताच आहे. त्याआधीचा तैलरंग शाळांच्या खिडक्यांच्या गजांवर, चाळींच्या दारांवर, जिन्यांच्या कठड्यांवर आहेच, आणि दिवाळीआधी रंगारी कोरडा पॉलिश पेपर मारतो तेव्हा तो थर भुकटी होऊन घरभर पसरतो. अमेरिकेत 2010 पासून जुन्या घरात असे काम करणाऱ्या कंत्राटदाराला प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र सक्तीचे आहे. आपल्याकडे सोसायटीच्या किंवा शाळेच्या रंगकामाच्या निविदेत खाली प्लास्टिक अंथरणे, रंग ओला करून घासणे, काम संपेपर्यंत मुलांना लांब ठेवणे आणि शेवटी सगळे ओल्या फडक्याने पुसणे, एवढे लिहायला नवा कायदा लागत नाही.