ग्रंथालयाचा उंबरा

मागच्या व्याख्यानात आपण ‘ज्ञान कोणाचं?’ या प्रश्नापाशी थांबलो होतो. आज तोच प्रश्न जरा जमिनीवर आणू. शाळा सुटून वर्षं लोटलेल्या, किंवा शाळेत कधी गेलेच नाहीत अशा मोठ्या माणसांसाठी सार्वजनिक ग्रंथालयानं काय करावं?

१८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत दोन गोष्टी घडल्या. पुणे नेटिव्ह जनरल लायब्ररी सुरू झाली. आजचं पुणे नगर वाचन मंदिर ते हेच. त्याच पेठेत, भिडे वाड्यात, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. एक संस्था वाचता येणाऱ्यांसाठी, दुसरी ज्यांना वाचूच दिलं गेलं नव्हतं त्यांच्यासाठी. पायी अंतर थोडंसंच, पण दोन्हींकडे जाणारी माणसं किती वेगळी, ते बघा.

पुढे १८५५ मध्ये फुल्यांनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. रात्रीची का? कारण दिवसा ती माणसं कामावर असत. म्हणजे शिकणाऱ्याची वेळ आधी बघितली, संस्थेची नंतर. आणि १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तिथं ऐकायला यायचं तर वाचता येण्याची अट नाही. प्रौढांसाठीच्या कार्यक्रमांची दोन्ही सूत्रं आपल्याच गावात अशी सापडतात : त्यांची वेळ सांभाळा, आणि अक्षरांच्या अलीकडचाही एक दरवाजा ठेवा.

आता ‘सार्वजनिक’ हा शब्द घ्या. त्यात ‘सर्वजन’ आहेत. पण दार उघडं ठेवलं की सर्वजन आत येतात का? समजा, मंडईत भाजी विकणारी एक बाई आहे. पहाटे माल घेते, दुपारी जरा मोकळी होते. आणि पुण्यात दुपारी एक ते चार काय असतं, ते आम्ही सांगायला नको! समजा, ग्रंथालय उघडं मिळालं. तरी अनामत, वर्गणी, अर्ज, ‘चप्पल कुठं काढू?’ ही शंका, टेबलामागच्या माणसाची नजर... मज्जाव कुणीच केलेला नाही, पण ‘या’ असंही कुणी म्हटलेलं नाही. तत्त्वज्ञानात आम्ही हक्क असणं आणि हक्क वापरता येणं यांत फरक करतो, तो हाच.

रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, ही त्यांतली दोन. दुसरं नीट बघा. पुस्तकानं वाचक शोधायचा, तर ग्रंथालयाला उंबरा ओलांडून बाहेर जावं लागणार. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० पासून हे करून दाखवलं. पेट्यांत भरलेली फिरती ग्रंथालयं गावोगाव गेली, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रं दाखवण्याची सोय झाली.

काही जण विचारतील, ‘ग्रंथालयानं पुस्तकं सांभाळावीत, ही समाजसेवा कशाला?’ प्रश्न रास्त आहे. पैसा आणि माणसं दोन्ही अपुरी असतात. पण १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार ग्रंथालयांना अनुदान मिळतं, आणि तो पैसा त्या भाजीवालीचाही आहे. शिवाय सुरुवातीला फार खर्च लागत नाही. आठवड्यातून एक दुपार उघडं राहायचं. वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचं आणि त्यावर बोलायचं. सरकारी अर्ज समजावून द्यायचा. वस्तीत पुस्तकांची पेटी न्यायची, आणि पुढच्या आठवड्यात न चुकता परत जायचं. हे ‘न चुकता’ सर्वांत अवघड, बरं का! उद्घाटनाला हार मिळतो, पाचव्या खेपेला कुणी टाळीही वाजवत नाही.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. प्रौढ माणूस म्हणजे कोरी पाटी नव्हे. त्याला ‘बाळा, अ अननसाचा’ म्हटलं, की तो पुन्हा येणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. त्या बाईला भाव कळतात, हंगाम कळतात, उधारी आणि माणसं कळतात. तिला एखाद्या दिवशी बोलायला बोलवा. ऐकायला आपण बसू. ज्या जागी आपलं ज्ञान मोजलं जातं, तिथलं पुस्तकही मग आपलं वाटायला लागतं.

तेव्हा आपल्या पेठेतल्या ग्रंथालयात या आठवड्यात जरूर जा. आत कोण बसलंय ते बघाच, पण बाहेरच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांपैकी कोण कधीच आत येत नाही, तेही बघा. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.